नेमणूकपत्राचं दुसरं पान

मार्च उजाडला की आमच्या घरात पेंढा सापडायला लागायचा. उंबऱ्यापाशी एक काडी, न्हाणीच्या जाळीत दोन, आईच्या पोळपाटाखाली एखादी. आप्पांच्या खिशातून, पँटच्या दुमडीतून, कधी कानामागून तो घरात यायचा. लोकांकडे आंब्याचा सीझन आंब्याने सुरू होतो, आमच्याकडे तो केरसुणीने सुरू व्हायचा. आई तेव्हापासून थेट जूनपर्यंत रोज दोनदा झाडायची आणि रोज दोनदा वैतागायची. हे घर माणसांचं आहे की आंब्यांचं, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

यंदा मार्च गेला, एप्रिल अर्धा संपला आणि घरात एक काडी नाही. फरशी नुसती चकचकीत. मला वाटलं होतं, आई खूश होईल. कसलं काय. ती केरसुणी घेऊन उगाच कोपऱ्यात घुटमळते आणि म्हणते, आता झाडायचं तरी काय, कप्पाळ.

परवा मात्र एक काडी आली, तीसुद्धा माझ्याबरोबर. ऑफिसात कुणीतरी हापूसची पेटी आणली होती. पँट्रीच्या ओट्यावर ती उघडत असताना मी शेजारी बॅग ठेवली, एवढंच. घरी येऊन चपला काढायला वाकले तर बॅगेला चिकटलेली पेंढ्याची काडी उंबऱ्यावर पडली. आप्पा दारातच बसले होते. त्यांनी ती उचलली, दोन बोटांत फिरवली, आणि कुठून आली म्हणून विचारलं. साधा प्रश्न. पण माझ्या हातातली चप्पल हातातच राहिली. वर्षभर दाबून ठेवलेली एक गोष्ट आता आत राहायची नाही, हे मला कळलं.

ती गोष्ट सांगायची तर मागचा उन्हाळा सांगायला हवा. आणि थोडा त्याच्या मागचाही.

आप्पा माथाडी. वाशीच्या फळबाजारात सत्तावीस वर्षं त्यांनी डोक्यावर माल वाहिला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण माझा जन्म कोपरखैरण्यातला, बोनकोड्याच्या अंगाला असलेल्या माथाडींच्या बैठ्या घरांमधला. गल्लीत सगळ्यांचेच बाप बाजारात. सगळ्यांच्याच दोरीवर चुंबळी वाळत पडलेल्या. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायला कापडाची गुंडाळी करतात ती चुंबळ. आप्पांची चुंबळ आईच्या जुन्या साडीची असायची. साडी कितीही चांगली असली तरी तिचा शेवट आप्पांच्या डोक्यावर होणार, हे आई ती नेसतानाच धरून चालायची.

टोळीचा, म्हणजे एकत्र माल वाहणाऱ्या माथाडींच्या गटाचा, एक कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ. ओझं डोक्यावर एकट्याने घ्यायचं नाही. कितीही घाई असू दे, शेजारच्याला हाक मारायची, 'हात लाव रं.' तो मागून उचलून देणार, तोल बसला की 'हां' म्हणणार. 'हां' आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आम्ही पोरं गल्लीत दप्तरं घेऊन हाच खेळ खेळायचो. एकाने मागून दप्तर चढवायचं, 'हां' म्हणायचं आणि मग दुसऱ्याने गल्लीच्या टोकापर्यंत ताठ चालत जायचं. 'हां'च्या आधी जो हलेल तो बाद. मी कायम बाद व्हायचे. मला दम म्हणून नसतोच.

दोन वर्षांपूर्वी, ऐन सीझनमध्ये, माझ्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. पालकांना बोलावलं होतं. आप्पांनी आदल्या दिवशीच पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. सकाळचा माल लवकर संपवून ते बाजारातूनच येणार होते. मी माझ्या कॉम्प्युटरपाशी उभी राहून दाराकडे बघत राहिले. सर आले, परीक्षक आले, मैत्रिणींचे आईवडील आले. आप्पा आले नाहीत. नंतर कळलं. शेवटच्या दोन खेपा राहिल्या होत्या, शेजारी कोणी दिसेना, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आप्पांनी कोणाला हाक न मारता चार पेट्या एकट्याने उचलल्या. पेट्या वर गेल्या आणि कंबर खाली बसली. तो पांढरा शर्ट पिशवीतून तसाच घडीचा परत आला. तो अजून तसाच आहे, कोणी घालत नाही.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आता ओझं नको. पुन्हा एकदा असा झटका बसला तर पाय कामातून जाईल. आप्पा चार महिने घरी पडून राहिले आणि पाचव्या महिन्यात पट्टा बांधून बाजारात हजर झाले. आई रडली, मी भांडले. त्यावर त्यांनी एकच उत्तर दिलं आणि ते पुन्हा पुन्हा दिलं. 'तुला नोकरी लागू दे. त्याच दिवशी चुंबळ खाली ठेवतो.'

म्हणजे घ्या. आता माझी नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती, आप्पांचा पाय होता.

मी वेब डेव्हलपर. म्हणजे लोकांच्या वेबसाइट बनवायच्या, मोबाइलवर नीट दिसतील असं बघायचं, बटण दाबलं की जे व्हायला हवं ते होतंय ना ते तपासायचं. निदान मी स्वतःला तसं म्हणायचे. जग मला तसं म्हणायला तयार नव्हतं. डिग्री हातात येऊन जवळपास वर्ष होत आलं होतं. तीन महिने एका ठिकाणी शिकाऊ, दोन महिने दुसरीकडे कंत्राटावर, मध्ये गल्लीतल्या क्लासवाल्या सरांची वेबसाइट, आणि उरलेला सगळा वेळ अर्ज. रोज सकाळी आप्पा निघताना पट्ट्याचा कर्रकर्र आवाज यायचा. मी अंथरुणात डोळे मिटून तो ऐकायचे आणि उठून पहिलं काम म्हणजे मेल बघायचे. 'आम्हाला कळवण्यास खेद होतो.' एवढा खेद होणारी माणसं या गावात राहतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मागच्या एप्रिलमध्ये महाप्याच्या एका छोट्या कंपनीतून बोलावणं आलं. आधी टेस्ट होती. मी बनवलेलं पान कॉम्प्युटरवर छान दिसत होतं, पण मोबाइलवर उघडलं तर सगळा मेनू फोटोवर येऊन बसला. बघणारी बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. हर्षदा तिचं नाव, टीमची प्रमुख. मग तिने अगदी पहिल्या धड्यातला प्रश्न विचारला. वेबसाइटवर दिसणारी प्रत्येक गोष्ट एका चौकोनात बसवलेली असते. त्या चौकोनाच्या आतली मोकळी जागा आणि बाहेरची मोकळी जागा, यांत फरक काय? हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण जागी होते ना. पाठ केलेलं सगळं इंग्रजी एका क्षणात साफ झालं. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मराठीत सांगू का, असं मी विचारलं. ती सांग म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, तर आंब्याची पेटी. आत आंबा असतो. आंब्याभोवती पेंढा, ती आतली जागा. मग फळी, ती कड. आणि दोन पेट्यांच्या मध्ये थोडी फट ठेवायची असते, नाहीतर माल तापतो. ती बाहेरची जागा.

'पेंढा कमी पडला तर?' हर्षदाने विचारलं.

'आंबा फळीला लागतो. डाग पडतो.'

'आणि फट कमी पडली तर?'

'शेजारच्या पेटीतला मालपण जातो.'

ती कागदावर काहीतरी लिहीत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, 'आमच्याकडे पेंढ्याच्या जागी बर्फ.' ती सारसोळ्याची, आई मासळी विकते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. बाहेर आले आणि बसस्टॉपवर स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. इतकी वर्षं शिकून, इतके ऑनलाइन कोर्स करून, इंटरव्ह्यूमध्ये जाऊन पेटी सांगून आले. घरी येऊन आईला सांगितलं, हे गेलं.

तीन दिवसांनी मी गिरणीत रांगेत उभी होते, गव्हाचा डबा घेऊन. अनोळखी नंबरवरून फोन आला, तुमची निवड झाली आहे म्हणे. त्या वर्षभरात असले फोन मला किती आले होते त्याला गणती नाही. निवड झाली, फक्त आधी अमुक नोंदणी करा, तमुक भरा. मी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं की मला नोकरी नको आहे, पुन्हा फोन करू नका, आणि कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा वेगळ्या नंबरवरून आला तेव्हा मी तोंड सोडायच्या बेतातच होते.

'अगं ए, फोन का कापतेस?' पलीकडून हर्षदा म्हणाली. 'तू ती पेटीवाली ना? सोमवारी ये. फुल टाइम घेतोय तुला.'

मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही. लोक म्हणतात आनंद झाला, रडू आलं, उड्या माराव्याशा वाटल्या. मला तसलं काही झालं नाही. कानात नुसतं सूं झालं. गिरणीवाला 'डबा, डबा' करत होता आणि मी त्याच्याकडे ठार बहिऱ्यासारखी बघत होते. तशीच चालत घरी आले. आईने विचारलं पीठ कुठंय, तर माझ्या हातात पीठही नाही आणि डबाही नाही. नोकरी लागली, एवढं म्हटलं आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. आईसुद्धा माझ्यासमोर खालीच बसली. दोघी कितीतरी वेळ एकमेकींकडे बघत होतो. कोणीतरी येऊन हे खोटं आहे म्हणून सांगेल, याची जणू वाटच बघत होतो.

संध्याकाळच्या आत मेलवर नेमणूकपत्र आलं. झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून आणलं, दोन पानं होती. पहिल्यावर माझं नाव, हुद्दा, कंपनीचा शिक्का, 'फुल टाइम' हे शब्द ठळक. दुसरं पान मी दुकानाच्या पायरीवरच वाचलं. पहिले सहा महिने परीक्षेचे. त्या काळात काम पसंत पडलं नाही तर एका आठवड्याच्या सूचनेवर कंपनी नोकरी संपवू शकते. मी ते परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. जीव पार पायरीच्या खाली गेला. आपल्याला कोणी कायमचं घेईल, असं समजणारे आपणच बावळट, असं वाटलं. घरी आल्यावर आईने हात पुढे केला तेव्हा मी तिला पहिलं पान दिलं. तिने ते देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसरं पान मी माझ्या कॉलेजच्या फायलीत, मार्कशीटांच्या मागे घातलं. ठरवून लपवलं असं नाही. हात तसा वळला, बस.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते हातपाय धूत होते. ते ओल्या हातांनी तसेच देव्हाऱ्यापाशी गेले आणि कागदाला हात लावायच्या आधी हात शर्टाला पुसले. वाचता येतं त्यांना, पण ते पत्र इंग्रजीत. मी बोट ठेवून माझं नाव दाखवलं. पर्मनंट ना, असं त्यांनी विचारलं. फुल टाइम आहे, मी म्हणाले. हे उत्तर नव्हतं, मला माहीत होतं. पण आप्पांच्या जगात नोकरी दोनच प्रकारची. एक लागलेली, दुसरी न लागलेली. बाजारात एकदा तुमची टोळीत नोंद झाली, बिल्ला मिळाला, की तुम्ही स्वतः खाली ठेवीपर्यंत ती जागा तुमची. सहा महिने बघू आणि मग ठरवू, हे आंब्याच्या बाबतीतसुद्धा कोणी करत नाही. मला ते त्यांना समजावून सांगायचं होतं. उद्या सांगते, असं मी मनाशी म्हटलं. सीझन संपल्याशिवाय आप्पा थांबणार नाहीत आणि तो तर अजून दीड महिना होता, घाई कसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आप्पा घरी.

सीझनमध्ये सकाळी दहाला कोणाचा बाप घरी आला की गल्लीत लोक दाराबाहेर येतात, कारण तसं फक्त काहीतरी वाईट झाल्यावर होतं. मला वाटलं कंबर गेली. पण आप्पा स्वतःच्या पायांनी चालत होते, आणि त्यांच्याबरोबर टोळीचे मुकादम तात्या. आप्पांनी चुंबळ खांद्यावरून काढली आणि घडी करून खिडकीत ठेवली. 'ठेवली बग,' एवढंच म्हणाले. आईच्या हातातली पळी खाली पडली.

बोली झाली होती त्याच दिवशीची, पण ती अशी शब्दशः खरी होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. भर सीझनमध्ये, पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या असताना, कोणी जागा सोडत नाही. आणि सोडली की ती राहत नाही. टोळीला माणूस लागतोच, दुसरा येतो, त्याची नोंद होते, संपलं. आप्पांना मुलगा नाही, म्हणजे घरातलं कोणी त्या जागी जाणारही नव्हतं.

तात्या आत येऊन बसले. आईने पाणी दिलं. ते थोडं प्यायले आणि माझ्याकडे वळले. तात्यांनी मला लहानपणी गल्लीत दप्तराचा खेळ खेळताना बघितलंय, माझ्याशी ते नेहमी चेष्टेने बोलतात. त्या दिवशी चेष्टा नव्हती.

'पोरी, तुझा बाप आयकत न्हाय म्हनून मी आलोय. ही जागा मी दिवाळीपातूर थांबवून धरू शकतो. माझ्या जबाबदारीवर. तू फकस्त मला खरं सांग. पक्की हाय नव्हं नोकरी?'

मी आप्पांकडे बघितलं. ते खिडकीपाशी उभे होते. पट्टा त्यांनी काढून ठेवला होता आणि वर्षभरात पहिल्यांदाच ते पट्ट्याशिवाय सरळ उभे होते. चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मला तिकडे बघवेना. फाईल माझ्यापासून दोन हातांवर कपाटात होती. उठून ती काढायची, दुसरं पान पुढे ठेवायचं, तात्या जागा धरून ठेवा म्हणायचं. एवढं सोपं होतं.

'हो तात्या,' मी म्हणाले. 'पक्की आहे.'

तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले. आठवड्याभरात आप्पांच्या जागी जावळीकडचा कोणी आला. मी ते ऐकलं आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले.

पुढचे सहा महिने मी कशी जगले ते माझं मला माहीत. लोकांना पहिल्या नोकरीतलं काय काय आठवतं. पहिला दिवस, पहिला डबा, पहिल्या मैत्रिणी. मला आठवतं ते म्हणजे कोणी मीटिंगला बोलावलं की तळहाताला सुटणारा घाम. ऑफिसातल्या गोष्टींनी मी सारखी चकित व्हायचे, पण ते मनापासून होताच यायचं नाही. खुर्ची पाठीप्रमाणे वरखाली करता येते, हे पहिल्या दिवशी कळलं आणि मी त्या खुर्चीकडे बघत राहिले. इथे दिवसभरात कोणी काहीच उचलत नाही आणि तरी सगळ्यांची पाठ दुखते, याचंही नवल वाटलं. घरी आले की आप्पा विचारायचे, आज काय केलंस. मी काहीतरी सांगायचे. ते मान डोलवायचे, आणि त्यातलं काही न कळता दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगायचे. आमची पोरगी पर्मनंट. हे वाक्य खिडकीतून आत आलं की माझ्या हातातला घास हातातच राहायचा.

आमच्या ऑफिसातही एक कायदा आहे. लिहिलेला कोड परस्पर चालू वेबसाइटवर चढवायचा नाही, आधी शेजारच्याला दाखवायचा. मी दाखवायचे नाही. दाखवला तर चूक दिसेल, चूक दिसली तर सहा महिन्यांच्या हिशोबात धरली जाईल. ऑगस्टमध्ये मी एका फर्निचरवाल्याच्या वेबसाइटवर छोटासा बदल केला आणि गुपचूप चढवून दिला. दोन तास त्याच्या साइटवर मोबाइलवरून ऑर्डरचं बटणच दिसत नव्हतं. त्याचा फोन आला, ऑफिसात धावपळ झाली, आणि मी माझ्या जागेवर दगड होऊन बसले. मनात आप्पा रिकाम्या हातांनी बाजाराच्या गेटपाशी उभे होते आणि आत त्यांच्या जागी दुसराच कोणी होता.

हर्षदाने चूक शोधली, बटण परत आणलं आणि मग माझ्याकडे खुर्ची ओढून बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कोणाला दाखवलं होतंस का, एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हटलं. का नाही, ते सांगायचं तर आप्पांपासून सुरुवात करावी लागली असती.

काढलं नाही मला. का, देव जाणे. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी दोन ओळींचा मेल आला की तुम्हाला कायम करण्यात येत आहे. मी तो मेल वाचला, बंद केला, परत उघडला. खरं तर त्या दिवशी मी ऑफिसभर पेढे वाटायला हवे होते, घरी फोन करायला हवा होता. पण घरी कोणाला सांगणार? घरच्यांसाठी मी सहा महिन्यांपूर्वीच कायम झाले होते. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि ती ऐकायला एकही माणूस नाही. मी पँट्रीत जाऊन चहा घेतला आणि जागेवर येऊन बसले.

वाटलं, झालं, सुटले. आता ते पान फाडून टाकलं की संपलं. पण ते माझ्याने फाडवेना. मार्कशीटांच्या मागे ते तसंच राहिलं.

आणि परवा ही पेंढ्याची काडी.

आप्पा ती बोटांत फिरवत होते. ऑफिसात पेटी आली होती, मी म्हणाले. मग चप्पल खाली ठेवली, आत गेले, फाईल काढली आणि दुसरं पान आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाचून दाखवलं, मराठीत. पहिले सहा महिने परीक्षेचे. एका आठवड्याच्या सूचनेवर काढू शकतात. तात्या विचारायला आले तेव्हा मला हे माहीत होतं. मी खोटं बोलले. तुमची जागा दिवाळीपर्यंत राहिली असती. आता मी कायम आहे, नोव्हेंबरपासून. पण तेव्हा नव्हते. ऑगस्टमधलं ते गायब झालेलं बटण, हर्षदाने विचारलेलं, तेही सांगून टाकलं.

आई आतून येऊन दारात उभी राहिली होती. मी तयारी केली होती. ते म्हणतील, माझी सत्तावीस वर्षांची जागा घालवलीस. किंवा काहीच म्हणणार नाहीत आणि उठून जातील, ते त्याहून वाईट. वर्षभर मी या दोन्हींची तालीम केली होती.

'सहा महिने?' त्यांनी विचारलं.

'हो.'

'सहा महिने ह्ये एकटीनं डोस्क्यावर घिऊन फिरत व्हतीस?'

आणि आप्पा चिडले. माझ्यावर ते आजवर कधी चिडलेले मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे आधी मला कळेचना हे काय होतंय. जागेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. 'हाक मारायची न्हाय का? म्या हितं बसलोय, तुझी आई हाय, हर्षदाबाई हाय म्हनतीस. एकट्यानं उचलून माझं काय झालं त्ये बगितलंस नव्हं? तरी तू त्येच केलंस?' मग आवाज खाली आला. 'टोळीत असतीस तर पयल्याच दिवशी हाकललं असतं तुला.'

एवढ्या तालमी केल्या आणि हे एकाही तालमीत नव्हतं. मग मला रडू फुटलं, ते गिरणीत फुटायला हवं होतं ते. आई पुढे आली, तिने ते पान उचललं, आत नेलं आणि देव्हाऱ्यात पहिल्या पानाच्या खाली ठेवलं. हळदकुंकू मात्र वाहिलं नाही. तेवढा राग तिलाही होता.

रात्री जेवताना आप्पांनी फक्त एकदा विचारलं, ते बटण गायब झालं होतं म्हणालीस, ते कसं काय. मी सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

काल सकाळी मी निघाले. बॅग भिंतीला टेकवलेली होती. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, सगळं मिळून चार किलो असेल नसेल. रोज मी ती एका झटक्यात खांद्यावर टाकते आणि पळते. वाकले तर बॅग जागेवर नव्हती. आप्पा माझ्या मागे उभे होते, दोन्ही हातांनी ती धरून. मी म्हणणार होते, अहो आप्पा, ठेवा ती खाली, तुमची कंबर. पण म्हणाले नाही. पाठ केली, दोन्ही पट्ट्यांत हात घातले. त्यांनी ती खांद्यांवर नीट बसवली, तळाशी हात धरून ठेवला.

बस चुकणार होती. मी हलले नाही, त्यांचा 'हां' येईपर्यंत.